दांड्यावरचे चार हात

कुसळवाडीत कधी आलात तर कडूबाईच्या घरामागं डोकवा. तिथं शेळी बांधलेलं एक गंजकं लोखंडी धूड दिसेल. मान मोडलेली, झाकण वाकलेलं, पोटात चिमण्यांनी काड्या भरलेल्या. तो मी. माझं नाव दाब्या. मित्रांनो, मी मातीच्या विटा दाबायचं जुनं हातमशीन आहे. कर्जत तालुक्याच्या या कोपऱ्यात लोक मला अजून 'माणूस खाणारं मशीन' म्हणतात आणि लहान पोरांना माझ्याजवळ फिरकू देत नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, त्यातलीच ही गत. पण मी अगदी संन्यासी होतो असंही नाही. ते पुढं येईलच. आधी सगळं ऐकून घ्या, मग मला काय नावं ठेवायची ती ठेवा.

माझा जन्म नगरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमधला. हनुमंत मिस्त्रींनी मला जोडलं. त्यांचा हात जड आणि तोंड त्याहून जड. जाड लोखंडाचा साचा, वर झाकण, आणि मागं मानेला जोडलेला माणसापेक्षा लांब दांडा, एवढाच माझा संसार. साच्यात ओलसर माती भरायची, झाकण लावायचं, दोघांनी मिळून दांडा ओढायचा. माती घट्ट दाबली जाते आणि वीट बाहेर येते. भट्टी नको की लाकूड नको. गरिबाला घर बांधायला आणखी काय हवं, असं मला तेव्हा वाटायचं.

मी तयार झालो त्या दिवशी मिस्त्रींनी शेडबाहेरची कसलीतरी माती घालून मला चालवून पाहिलं. वीट निघाली ती हातात घेताच भुगा झाली. शेडमधले कामगार हसले. मिस्त्री खेकसले, "हसताय कशाला? मशीन हाय ते, देव न्हाई. घालशीला तेच बाहेर येनार." मला त्याचा फार राग आला होता. एवढा रंग दिला, एवढं ग्रीस लावलं, आणि देव नाही म्हणून मोकळे!

मग एका संस्थेनं मला विकत घेतलं आणि टेम्पोत घालून कुसळवाडीला आणलं. गावाच्या समाजमंदिरापुढं लिंबाखाली मला उभं केलं. मागं कापडी फलक लावला, 'आपलं घर, आपल्या मातीचं'. दहा दिवसांचं शिबिर होतं. शिकवायला पुण्याहून माधव सर आले होते. किडकिडीत माणूस, डोक्यावर टोपी आणि हातात कायम पाण्याची रिकामी बाटली. पहिल्या दिवशी गावातले झाडून सगळे पुरुष आले. माती कालवायची आहे म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी ते पलीकडच्या पारावर मोबाईल बघत बसले. माझ्याजवळ उरल्या बायका. त्यातल्या दोघींनी माझा दांडा धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. एक कडूबाई, दुसरी छबूबाई.

कडूबाईच्या आधीची चार भावंडं पाठोपाठ गेली होती. ही तरी देवाला नकोशी वाटावी म्हणून आईनं हिचं नावच कडू ठेवलं. बाई बोलायला कमी, पण एकदा बघितलेलं विसरायची नाही. छबूबाई तिच्या उलट. बुटकी, हसरी, सतत बडबड. तिचा नवरा विहिरीच्या कामावर गेला होता तिथंच वारला. थोरले दीर आप्पासाहेब यांच्या गोठ्याला लागून पत्र्याचं एक खोपटं होतं, त्यात ती आणि तिची मुलगी निकिता राहायच्या. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापायचा की निकिता पुस्तकं घेऊन दिवसभर झाडाखाली बसायची. आणि त्या खोपट्याच्या दाराला आतून कडी नव्हती. दोरी बांधायची. वयात आलेली पोर घरात आणि दाराला दोरी! छबूबाई हसत हसत सगळं सांगायची, हे एक सांगताना मात्र तिचं हसू जायचं.

"कडू, मला काय वाडा नगं बाई," ती दांडा ओढता ओढता म्हणायची. "एक खोली. आन् दाराला आतून लोखंडी कडी. बास."

"व्हईल की," कडूबाई म्हणायची. "वढ दांडा."

माधव सरांनी त्यांना सगळ्यात आधी माती ओळखायला शिकवलं. बाटलीत अर्धी माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, खडखडून हलवायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून द्यायचं. वाळू खाली बसते, चिकट माती वर. खाली भरपूर वाळू दिसली तर माती विटेच्या कामाची. चिकट मातीच जास्त दिसली तर ती विटेला चालत नाही, कारण पाणी पिऊन ती फुगते आणि वाळली की तडकते. "सिमेंट थोडं कमी पडलं तर बघता येईल," सर म्हणायचे, "पण माती चुकली तर सगळं चुकलं." कडूबाईला लिहायला येत नव्हतं, पण एवढं तिनं कोरून ठेवलं. गावाबाहेरच्या माळावरचा तांबडा मुरूम चांगला निघाला. त्यात थोडं सिमेंट घालून विटा दाबायच्या, गोणपाटाखाली ठेवून एकवीस दिवस पाणी मारायचं आणि मगच भिंतीला घ्यायच्या.

शिबिर संपलं. प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढले, माझ्या दांड्याला हार घातला. सरांनी बायकांना फोननंबर दिला आणि म्हणाले, "कधीही अडलं तर फोन करा." आणि गेले.

पहिलं घर कडूबाईनं स्वतःचं बांधलं. तिच्या विटा दाबायला छबूबाई रोज आली. सगळी माती माळावरची. ते घर आजही उभं आहे, मित्रांनो, मी त्याच्याच मागं उभा आहे आणि त्याला साधी चीर गेलेली नाही. त्या उन्हाळ्यात लोक मुद्दाम तिच्याकडं येऊन बसायचे. स्वतः आप्पासाहेब एकदा दुपारी तिच्या ओसरीत आडवे झाले आणि दोन तास घोरले. उठल्यावर म्हणाले, "कडूबाई, तुझ्या घरात पंख्याचं काय काम न्हाई बघ!" मग काय, गावातल्या बारा घरांनी नावं दिली. माझ्या सांध्यांना रोज तेल मिळायला लागलं. पोरं माझ्या दांड्याला झोके घ्यायची. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

आता आप्पासाहेबांबद्दल सांगतो. वाईट माणूस नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. गाव त्यांचा शब्द मानायचं आणि त्यांनी गावासाठी केलंही होतं. हिवरे बाजार हे आदर्श गाव बघून आले आणि गावच्या मागं लागून त्यांनी कोरड्या पडलेल्या तलावातला गाळ काढायला लावला. काळाभोर, लोण्यासारखा गाळ. पहिली ट्रॉली गावात आली तेव्हा बायकांनी तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तो गाळ मुरमाड रानात पसरला आणि जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं तिथं कांदा आला. तेव्हापासून कुसळवाडीत गाळाला कुणी नुसतं गाळ म्हणत नव्हतं. लक्ष्मी म्हणायचे.

छबूबाईच्या खोलीची वेळ आली तेव्हा आप्पासाहेबांनी मोठ्या मनानं सांगितलं, "भावजयीच्या खोलीला जागा माझी आन् मातीपन माझी. माळावरनं मुरूम वाहून आनायला डिझेल जाळायचं कशाला? तलावाकडंला गाळाचा ढीग पडलाय, तो घ्या. ज्यानं रान सुधारलं त्यानं भिंत बिघडंल व्हय?"

सगळ्यांना पटलं. मित्रांनो, तुम्हीही तिथं असता तर तुम्हांलाही पटलं असतं. ज्या मातीला नारळ फोडला ती वाईट कशी म्हणायची?

कडूबाईला पटलं नाही. तिनं कुणाला न सांगता गाळ बाटलीत भरला, पाणी घातलं, मीठ टाकलं, हलवलं आणि बाटली माझ्या झाकणावर ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर तळाला बोटभरसुद्धा वाळू नव्हती. वर सगळा काळा चिकट गोळा, आणि पाणी अजून गढूळच. ती बाटली घेऊन ती तशीच लिंबाखाली बसलेल्या आप्पासाहेबांपुढं गेली. भोवती पाचपंचवीस माणसं होती.

"आप्पासाहेब, हे बघा. ह्यात वाळूच न्हाई. ही माती फुगंल. विटंला चालत न्हाई."

आप्पासाहेबांनी बाटली हातात घेतली, उन्हात धरली आणि हसले. "बाटलीत बघून मानसं आडवी व्हत्यात एवढं ऐकलं हुतं. बाटलीत बघून घर उभं करनारी तू पयलीच!"

सगळे खो खो हसले. आप्पासाहेबांनी बाटली बाजूला कठड्यावर ठेवली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "धा दिवस शिकलीस, चांगलं झालं. पर आमी जल्मभर मातीतच हाय. लक्ष्मीला नावं ठिवू नगंस."

कडूबाईनं बाटली उचलली आणि ती घरी गेली. माधव सरांना तिनं शेजारच्या पोरीकडून फोन लावला. तो लागला नाही. नंबर सरांचा नव्हता, कामाचा होता. काम संपलं तसा नंबर बंद झाला. गरज सरो वैद्य मरो हे आपण ऐकतो, इथं वैद्यच निघून गेला आणि रोग मागं राहिला.

मग ती छबूबाईशी बोलली. माझ्यासमोरच बोलली, म्हणून शब्दन् शब्द मला ठाऊक आहे.

"छबे, गाळाच्या नगं. दोन म्हैनं थांब. मी डोक्यावर मुरूम आनते माळावरनं. पाट्यांनी आनू आपुन दोघी."

"दोन म्हैनं? लगीनसराईत ट्रॅक्टर न्हाई, पावसात माळावर जाता येत न्हाई. मला तू वरीसभर थांबीवनार."

"थांब की मग वरीसभर."

"तुला काय जातंय म्हनायला?" छबूबाईचा आवाज एकदम चढला. "आप्पांनी जागा दिली, माती दिली. त्यास्नी मी न्हाई म्हनू? उद्या जागेलापन न्हाई म्हनतील, मग मी कुटं जाऊ पोरीला घेऊन? तुझं घर झालं. माझं व्हतंय ते तुला बघवंना व्हय, कडू?"

कडूबाईच्या चेहऱ्यावर कुणी मारल्यासारखं झालं. ती वळली आणि निघून गेली.

दोन दिवस ती आली नाही. गाळ येऊन पडला होता, सिमेंट आलं होतं. छबूबाईनं एकटीनं माती कालवली, साचा भरला आणि माझ्या दांड्याला लोंबकळली. पण माझा दांडा दोघांचा. ती बुटकी बाई त्याला अक्षरशः लटकायची, पाय जमिनीवरून सुटायचे, आणि दांडा अर्ध्यावर अडायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या पायाशी बसून रडली. हसरी बाई रडते तेव्हा फार वाईट दिसतं, मित्रांनो. मला वाटलं, कुणीतरी यावं आणि हा दांडा ओढावा. हो, असं मला वाटलं. माझ्या मनात तेव्हा वाळू आली नाही की बाटली आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई आली. पदर खोचला, हातावर थुंकली, दांडा धरला.

"आन माती," म्हणाली.

छबूबाईनं तिच्याकडं बघितलं, डोळे पुसले आणि साचा भरला. चार हातांनी दांडा ओढला. दोघींत पुन्हा त्या मातीचा विषय निघाला नाही.

आणि काय सांगू, विटा सुरेख निघाल्या. मुरमाची वीट खरबरीत निघते, कोपरे झडतात. गाळाची निघाली ती गुळगुळीत, काळी, कोपरे धारदार. येणारे जाणारे थांबून हात फिरवायचे. "वा रे दाब्या!" म्हणायचे. मी खूश होतो. हनुमंत मिस्त्रींचं बोलणं मला तेव्हा आठवायला हवं होतं. नाही आठवलं. माझ्याकडं नाही म्हणायला तोंडच नव्हतं. कडूबाईकडं होतं, ते तिनं मिटून घेतलं. दाबल्या आम्ही तिघांनी मिळून.

वाळताना विटांना बारीक चिरा गेल्या. छबूबाईनं त्या सिमेंटच्या घोळानं बुजवल्या. भिंती चढल्या, बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला, वर पत्रा पडला. काष्टीच्या बाजारातून तिनं लोखंडी कडी आणली. दार लावलं त्या दिवशी तिनं कडूबाईला आत नेलं, कडी लावली, काढली, पुन्हा लावली. लिंबाखालून तिची खोली मला समोर दिसायची. कडीचा तो खटका मलाही ऐकू आला. मग तिला सवयच लागली. दिवसासुद्धा आत असली की कडी लावायची. भाकरी करतानासुद्धा.

उन्हाळा गेला. पावसाळा सुरुवातीला कोरडाच. सप्टेंबरात मात्र पाऊस लागला तो चार दिवस थांबला नाही. आपल्या भागात असा पाऊस क्वचित. पश्चिमेच्या भिंतीवर तो थेट मारत होता. पहिल्याच दिवशी गिलाव्याला उभी भेग गेली. कडूबाई रोज डोक्यावर पोतं घेऊन यायची आणि त्या भिंतीला तळहात लावून उभी राहायची. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती दारात उभी राहून म्हणाली,

"छबे, भिंत फुगलीय. पाऊस हाय तवर माझ्याकडं या दोघी."

"आन् नव्या घराला कुलूप लावू? लोक काय म्हनतील? आप्पांना काय वाटंल, माती दिली ती वाईट?"

"मरू दे लोक."

"तू लई घाबरतीस," छबूबाई हसली. "निकिताची परीक्षा हाय उद्या कर्जतला. सकाळच्या एस्टीनं जाईल ती. मग येते तुझ्याकडं. च्या ठिव."

दुसऱ्या दिवशी पहाटे निकिता एस्टीनं गेली. छबूबाईनं दाराला कडी लावली आणि चुलीपुढं भाकरी थापायला बसली. सातच्या सुमाराला पश्चिमेची भिंत आत पडली. फार आवाज झाला नाही. कोरडी भिंत पडते तेव्हा दणका होतो. ही भिंत ओली होती, ती नुसती बसली.

कडूबाई सगळ्यांच्या आधी पोचली. दार चौकटीसकट उभं होतं, आतून कडी लावलेलं. ते उघडेना, म्हणून ती पडलेल्या बाजूनं चढली आणि हातांनी उपसायला लागली. मी दाबलेल्या विटा, मित्रांनो. धारदार कोपऱ्यांच्या. तिनं धरल्या की बोटांतून चिखल होऊन गळत होत्या. "छबे, छबे," एवढंच ती म्हणत होती. माणसं आली, फावडी आली. छबूबाईला बाहेर काढलं तेव्हा तिच्या हाताला पीठ तसंच होतं.

निकिताला परीक्षेच्या वर्गातून बोलावून आणलं.

नंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो, मला ते सांगायला आवडत नाही. पंचनाम्यात लिहिलं, 'मातीचे घर, अतिवृष्टीने पडले'. त्यात कुठली माती ते लिहिलं नाही. तेराव्यानंतर आप्पासाहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. त्यांच्या हातात घण होता. "ह्या मशीनीनं माझी भावजय खाल्ली," म्हणाले आणि माझ्या मानेवर घातला. पुन्हा घातला. तिसऱ्या घावाला दांडा वाकला आणि मान तडकली. कुणी अडवलं नाही. कडूबाई गर्दीत उभी होती, तिनंही अडवलं नाही. ती काही बोललीही नाही. एक शब्द बोलली असती तर तो मातीचा शब्द असता, आणि मग दांडा कुणी ओढला तेही सांगावं लागलं असतं.

बारा घरांनी नावं मागं घेतली. ज्यांच्या विटा मुरमाच्या होत्या, चांगल्या होत्या, त्यांनी त्या रस्त्याच्या खड्ड्यात टाकल्या. लोक पुन्हा तापल्या पत्र्याखाली गेले. मला उकिरड्यावर ढकललं. आठवड्यानं कडूबाईनं बैलगाडी आणली, मला दोरानं ओढून चढवलं आणि आपल्या घरामागं आणून टाकलं. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. खिडकीतून मी दिसतो. त्याच खिडकीत ती बाटली होती. दिवसातून एकदा ती बाटलीकडं बघायची आणि मग माझ्याकडं. तेल तिनं मला कधी दिलं नाही. मीही मागितलं नाही.

तीन वर्षं गेली. निकिताचं लग्न होऊन ती काष्टीला गेली होती. या उन्हाळ्यात एका दुपारी ती अचानक आली. चुलत्याच्या घरी न जाता थेट इथं, कडूबाईच्या परसात.

"मावशी, एक विचारायचंय," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "आमच्या तिकडं असलंच मशीन आलंय. शिबिर चाललंय. सासरची मानसं खोली बांधायची म्हनत्यात. मी सांगितलं, ते मशीन मानसं मारतं, माझी आई मारली. तर शिकवनाऱ्या बाईंनी मलाच विचारलं, माती कुटली हुती? मी तवा पुस्तकांत हुते, मला सांगता येईना. मावशी, माती कुटली हुती? तिकडंबी तलावाचा गाळच पडलाय ढिगानं, म्हनून विचारते."

कडूबाई खाली बसली. मग उठून आत गेली, खिडकीतली बाटली आणली आणि निकिताच्या हातात दिली.

"गाळ हुता. हलीव."

निकितानं हलवली. काळं पाणी झालं. कडूबाईनं तिला वाळूचं सांगितलं, चिकट मातीचं सांगितलं, माधव सरांनी शिकवलेलं सगळं. निकिता ऐकत होती. तेवढ्यात आप्पासाहेब काठी टेकत आले. पुतणी गावात आल्याचं त्यांना कळलं होतं.

"घरी न येता हिकडं कशी गं पोरी?"

"आप्पा," निकितानं बाटली पुढं धरली, "ही बाटली तुमी आधी बघितली हुती का?"

आप्पासाहेबांनी बाटलीकडं बघितलं. "कसली बाटली? मला काय ठाऊक न्हाई. त्या येळंला कुनी काय बोललं न्हाई."

"मी बोलले हुते," कडूबाई म्हणाली. तीन वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. "लिंबाखाली. पंचवीस मानसांपुढं. तुमी हसला आन् बाटली कठड्यावर ठिवली."

आप्पासाहेबांची मान हळूहळू खाली गेली. ते माझ्या अंगावरच टेकले, जिथं त्यांनी घण घातला होता तिथं. "चांगलं म्हनून दिला हुता गं," ते पुटपुटले. "पोरी, देवाशपथ, चांगलं म्हनून दिला हुता."

"तुमी चांगलं म्हनून दिला, आप्पासाहेब," कडूबाई म्हणाली. "गाळ वाईट हाय हे ठाऊक असून मी दाबला. निकिता, तुझ्या आईच्या हातावर माझे हात हुते. ती रडली, मला बघवलं न्हाई, म्हनून मी वढला दांडा. नसता वढला तर तिच्यानं एकटीनं एक वीट निघाली नसती."

निकिता ओरडली नाही, रडली नाही, 'जाऊ दे मावशी' असंही म्हणाली नाही. कडूबाईनं ठेवलेला चहा तसाच गार झाला. जाताना तिनं ती बाटली मात्र पदराखाली घेतली. पाच वाजता काष्टीकडं जाणारी जीप गेली, त्यात ती होती.

मित्रांनो, बाकीची जुनी मशीनं तुम्हांला सांगतील, आम्हांला तेल द्या, आम्हांला गंजू देऊ नका. मला त्यातलं काही नको. माझी मान काही जुळत नाही आता. मी एवढंच सांगतो की मशीनला चांगलं वाईट कळत नाही, घालाल ते ते दाबतं. कळतं ते माणसाला. तुमच्या गावात ज्याला कळतं तो हळू आवाजात बोलत असेल, बाई असेल, दहाच दिवस शिकलेली असेल, तिला हसू नका. आणि कधी तुम्हांलाच कळलं आणि समोरचं माणूस जिवाभावाचं असलं, रडत असलं, तुमच्यावर रुसलं असलं, तरी दांड्याला हात लावू नका. त्याला रडू द्या. वर्षभर रुसू द्या. जिवंत असलं तर रुसवा कधीतरी निघतो.

कडूबाईच्या खिडकीत बाटलीच्या बुडाएवढी गोल खूण उरली आहे. तिथं ती दुसरं काही ठेवत नाही.